जीभ सोडा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वर्षभर सायन्स केलं आणि मग पनवेलच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांचा मदतनीस व्हायचं शिक्षण घ्यायला लागलो. वडील मिठागरावर काम करत. ते गावात सगळ्यांना सांगायचे, "पोरगा ढोरांचा डाक्टर होतंय." मी म्हणायचो, "डॉक्टर नाही, मदतनीस." ते म्हणायचे, "तेच ते."

तेच ते नव्हतं, हे मला रोज कळत होतं. वर्षाअखेर डॉक्टरसाहेबांनी सही केली तरच दाखला मिळणार होता. मला बाटल्यांवरच्या इंग्रजी चिठ्ठ्यांची भीती वाटायची, म्हशींच्या शिंगांची वाटायची, आणि सगळ्यात जास्त औषध पाजण्याची. ते काम जनावरांची मलमपट्टी करणाऱ्या आमच्या ड्रेसरकाकांनी शिकवलं. त्यांची सगळी हयात त्या दवाखान्यात गेली होती. बांबूचा तिरका कापलेला नळा हातात देऊन ते म्हणाले होते, "मान फार वर करायची नाही. जीभ ओढायची नाही. जीभ धरली की जनावराला गिळता येत नाही, औषध पोटात जायचं ते फुप्फुसात उतरतं. ठसका लागला तर सगळं सोडून आधी मान खाली." दवाखान्यातल्या म्हाताऱ्या वळूला मी आठ दिवस नुसतं पाणी पाजत होतो. शेवटी तो मला बघून आपणच तोंड फिरवायला लागला.

पौषातल्या एका सकाळी करंजाड्याहून एक बाई धापा टाकत आल्या. त्यांचा बैल रात्री दावं तोडून वालाच्या शेतात शिरला होता. दवात भिजलेला कोवळा वाल पोटभर खाऊन आता फुगला होता. डॉक्टरसाहेब लांबच्या गावी गुरांना लस टोचायला गेलेले. काकांना दवाखाना सोडता येईना. "पोटफुगी कुणाची वाट बघत नाही," असं म्हणून त्यांनी जवसाच्या तेलात टर्पेंटाइन घालून बाटली माझ्या हातात दिली. "जा तू. येतं तुला."

गाढी नदी ओलांडून आम्ही जवळजवळ पळतच गेलो. बैलाची डावी कूस ढोलासारखी ताठ झाली होती. अंगणात वीसेक माणसं जमलेली. बाईंचे दीर, पांढऱ्या मिशांचे, वेसण धरून उभे होते.

मी म्हणालो, "मान जरा सरळ असू द्या. औषध कडक आहे."

"आहे?" दीर हसले. "खाडीकडचा ना तू? कालेजात जाऊन 'हाय'चं 'आहे' झालं व्हय रं?"

सगळे हसले. माझे कान तापले. मी नळा बैलाच्या ओठाच्या कोपऱ्यात घातला आणि तेवढ्यात दिरांनी सराईतपणे तोंडात हात घालून जीभ बाहेर ओढून धरली. मान वर केली. "वत आता," म्हणाले.

मला माहीत होतं. काकांचे शब्दही आठवले. पण ते माझ्या वडिलांच्या वयाचे, त्यांच्या अंगणात, त्यांचा बैल धरून उभे. त्यांना "जीभ सोडा" कसं म्हणायचं? मी ओतलं.

अर्धं औषध गेलं आणि बैलाला ठसका लागला. सगळं अंग हलवणारा, ओला ठसका. माझे हात जागीच राहिले. मग दिरांनीच मान सोडली.

"कुनीतरी आठवन काढली याची," बाई बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या.

"त्या वालवाल्यानंच काढली आसंल," दीर म्हणाले. पुन्हा हशा झाला. आणि मीही हसलो. त्या हसण्याची आठवण अजून नकोशी वाटते.

उरलेलं औषध मी नीट पाजलं. तासाभरात बैलानं मोठा ढेकर दिला, कूस सैल पडली. बाईंनी मला तांदळाची भाकरी आणि सुकट खायला घातली. निम्मी भाकरी मी ताटात तशीच ठेवली.

संध्याकाळी परत आल्यावर साहेबांनी विचारलं, "पाजताना ठसका वगैरे?"

"नाही, साहेब."

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आत मी करंजाड्याला जाऊन आलो. बैल उभा होता, पण चारा नुसता हुंगत होता. मी त्याचे श्वास मोजायला लागलो. घड्याळ नव्हतं, म्हणून माझ्या एका श्वासाला त्याचे किती ते बघायचं ठरवलं. पण माझाच श्वास लागलेला. मोजणी काही जुळेना.

"आज परत कशाला आलास रं, मास्तर?" बाईंनी विचारलं.

"सहज, आये."

तिसऱ्या दिवशी मोजायची गरजच उरली नाही. नाकातून घट्ट शेंबूड येत होता, कान गरम होते, श्वास घेताना बरगड्या दिसत होत्या. पुस्तकातलं फुप्फुसाच्या सुजेचं पान माझ्यासमोर उभं होतं.

परतताना नदीत पाय घालून मी बराच वेळ उभा राहिलो. बोललो तर सही गेली आणि वडिलांचं "तेच ते"ही गेलं. न बोललो तर चारा खात नाही म्हणून साहेब पोटाचंच औषध देतील आणि बैल जाईल.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या म्हणालो, "साहेब, ठसका लागला होता. जीभ ओढलेली होती. मी बघत होतो."

साहेबांनी पेनिसिलिनच्या कुप्या पिशवीत टाकल्या, सायकल काढली. वाटेत एकदाच म्हणाले, "दोन दिवस गेले फुकट." आणि अंगणात पोहोचल्यावर, "का झालं ते त्यांना तू सांगायचंस."

सुई टोचून झाल्यावर मी बाईंकडे बघून म्हणालो, "आये, परवाचा ठसका आठवणीचा नव्हता. औषध छातीत गेलं. जीभ धरायची नसते. मला माहीत व्हतं, पन मी बोललो नाय."

दीर वेसणीशी चाळा करत राहिले. 

"पोरा," बाई म्हणाल्या, "माजा बैल मेला तरी चालंल, पन म्हाताऱ्याला राग नको यायला. आसं व्हय?"

मी रिकामी कुपी उचलून पिशवीत टाकली. 

पाच दिवस सकाळ-संध्याकाळ सुई दिली. चौथ्या दिवशी बैलानं पेंढ्याची काडी ओढली. ती काडी त्याच्या तोंडात पूर्ण जाईपर्यंत मी पापणी हलवली नाही. तो जगला, पण पुढे कधीकधी मिठाची गाडी ओढताना थांबून खोकायचा.

शेवटच्या दिवशी साहेबांनी भूक वाढवायची पूड पाण्यात कालवून नळा माझ्या हातात दिला आणि स्वतः ओटीवर जाऊन बसले. दीर पुढे आले आणि सवयीनं त्यांचा हात बैलाच्या तोंडाकडे गेला. बाई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"जीभ सोडा," मी म्हणालो. ते इतक्या हळू निघालं की मलाच ऐकू आलं नाही.

"काय?" दीर म्हणाले.

"जीभ सोडा, काका. मान बी खाली घ्या."

त्यांनी हात काढला, धोतराला पुसला आणि बाजूला झाले. मी नळा ओठाच्या कोपऱ्यात घातला आणि थोडं थोडं ओतायला लागलो. बैल गिळत होता. प्रत्येक घोट त्याच्या गळ्याखालून जाताना दिसत होता.