हवेवरचं काळीज

चिंचवडच्या कारखान्यात मी फोरमन होतो, तेव्हा यंत्रांना दाबाची हवा पुरवणाऱ्या आमच्या कंप्रेसरवरच्या माणसानं माझं डोकं उठवलं होतं. तो तळवड्याचा. अमेरिकेत एकाला कृत्रिम हृदय बसवलं आणि ते दाबाच्या हवेवर चालतं, असं पेपरात आल्यापासून त्याला दुसरा विषयच नव्हता.

"सायेब, नळ्या पोटातनं भाईर, अन् मशीन कपाटायेवढं. मानसानं हिंडायचं कसं?"

"मला काय माहीत? तुम्ही प्रेशर बघा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "अन् लाईट गेली तर?"

काही महिन्यांनी एका सकाळी मशीन शॉपमधली हवेवरची सगळी यंत्रं एकदम थांबली. मी तणतणत कंप्रेसरच्या खोलीत गेलो. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून तो टोपी हातात घेऊन उभा होता.

"हे काय चाललंय?"

"त्यो गेला, सायेब. पेपरात आलंय. दोन मिन्टं थांबा."

शॉपमधून माणसं हाका मारत होती. मी चरफडत थांबलो. मग त्यानं टोपी घातली, व्हॉल्व्ह उघडला आणि विचारलं, "फुडच्याला तरी ल्हान मशीन देतील न्हवं?"

"देतील," मी म्हणालो आणि मॅनेजरला काय सांगायचं ते जुळवत बाहेर पडलो.