‘काय खेळस?’ विचारणारे डॉक्टर

भास्कर डॉक्टर रोग्याला पहिल्यांदा ‘काय दुखतं?’ असं कधी विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “तू काय खेळस?” कंबर धरून आलेल्या एका म्हातारीलाही त्यांनी हेच विचारलं. ती म्हणाली, “मी काय खेळू, डॉक्टर? मन्हा दात पडी ग्यात.” डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, “माय, फुगडीले दात लागतस का? जोपावत तू फुगडी खेळत नही, तोपावत मन्हं काम बाकी शे.” म्हातारी हसत हसत तपासायच्या टेबलावर चढली.

ही सारी पन्नासच्या दशकातली गोष्ट. तापीकाठच्या शेतकरी घरातला हा माणूस मुंबईत हाडांचा डॉक्टर झाला आणि तिथल्या मोठ्या इस्पितळातली नोकरी सोडून नंदुरबारला आला. सोबतच्यांनी त्यांना वेड्यात काढलं. लोकांना मोडलेला हात जोडून मिळाला की पुरे असायचं. डॉक्टरांना मात्र तो हात पुन्हा मैदानात गेलेला पाहायचा असे. शाळांच्या हुतूतूच्या सामन्यांना ते न बोलावता जाऊन बसत. होळीनंतर डोंगरातल्या काठी गावाकडची नाचणारी माणसं सुजलेले घोटे घेऊन येत, त्यांनाही ते खेळाडूच म्हणत. ‘खेळाडूंचा डॉक्टर’ हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणी ऐकलेला नव्हता, पण माणूस होता.

मी नंदुरबारजवळच्या कोरीट गावचा. तालमीत वाढलेला, अंगात रग आणि डोक्यात कुस्तीशिवाय काही नाही. एका सकाळी सराव करताना डावा कोपर निखळला. आमच्या सुपडू वस्तादांनी तो जागच्या जागी बसवला आणि रोज सकाळ-संध्याकाळ गरम तेलाने रगडायला सुरुवात केली. वस्तादांचा हात म्हणजे आशीर्वाद; तो नको म्हणणारा पोरगा आमच्या तालमीत जन्मला नव्हता. महिना झाला आणि कोपर लाकडासारखा आखडला. घास तोंडापर्यंत जाईना. घरच्यांनी माझ्या कुस्तीवर पाणी सोडलं. मी सोडलं नव्हतं, म्हणून नंदुरबार गाठलं.

डॉक्टरांनी कोपर दाबला नाही, ओढला नाही. नुसता हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

“मालिश कोनी करी?”

“वस्तादनी.”

“मांसमा हाड उगी ऱ्हायनं. जेवढं रगडशी, तेवढं वाढी. तेल बंद. तू स्वतः हालाव, दुखस तठे थांब.”

मी म्हणालो, वस्तादांना नाही कोण म्हणणार? दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः कोरीटला आले. तालमीच्या दाराशी बूट काढले, माती कपाळाला लावली आणि वस्तादांच्या पाया पडले. मला वाटलं, आता वाद होणार. डॉक्टर म्हणाले, “वस्ताद, हाऊ हात आजपासून तुमना ताबामा. कोनी हात लावाना नही. तुम्हीबी नही.”

वस्ताद गोंधळले. “मंग मी काय करू?”

“राखन करा. तुमनाशिवाय कोनले जमाव नही.”

आणि खरंच, त्या दिवसापासून वस्ताद माझ्या डाव्या हातावर पहारा ठेवून बसले. तेल लावायची त्यांची हौस उजव्या हातावर भागली. तो मात्र सोलून निघाला. डॉक्टर दर आठवड्याला येत, कोपर कितीसा उघडला ते पाहत आणि वस्तादांनाच शाबासकी देत. मला राग यायचा, कारण घाम मी गाळत होतो.

वर्ष उलटलं. कोपर जवळजवळ सरळ झाला. यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत उतरायला डॉक्टरांनी होकार दिला. समोर शहाद्याकडचा तगडा गडी होता. मी त्याला दोनदा खाली आणलं, पण तिसऱ्या वेळी त्याने नेमका डावा हात पाठीमागे धरला आणि पिळत नेला. मी दात आवळून सोसत राहिलो. डॉक्टर खुर्चीतून उठले, पण त्यांना बोलायचा अधिकार नव्हता. कुस्ती सोडवायची तर वस्तादाने आपला फेटा आखाड्यात टाकायचा आणि हार मानायची, अशी आमच्याकडची रीत. सुपडू वस्तादांनी उभ्या जन्मात फेटा टाकला नव्हता.

तो त्यांनी त्या दिवशी टाकला.

मी मातीत बसून रडलो. लोक हसत होते, वस्ताद उघड्या डोक्याने मान खाली घालून उभे होते. डॉक्टर आत आले, कोपर तपासला, आणि आधी वस्तादांकडे वळले. म्हणाले, “वस्ताद, आज मी निस्ता देखत ऱ्हायनू. डॉक्टर तुम्ही व्हतात.” मग मला म्हणाले, “हात वर कर.”

“मी हारनू ना, डॉक्टर.”

“ते मी इचारी ऱ्हायनू का? वर कर.”

मी डावा हात उचलला. तो कानाला लागून वर गेला. डॉक्टरांनी तो मनगटाशी धरला आणि साऱ्या दंगलीला दिसेल असा तसाच धरून ठेवला. पुढे मी बऱ्याच कुस्त्या जिंकलो, पुष्कळदा पंचांनी माझा हात वर केला. पण त्या आखाड्यात हरलेल्याचा हात वर झालेला मी तेवढा एकदाच पाहिला, आणि तो माझा होता.