मामंजींनी सोडली

आज पडद्याला दुमड घालायला बसले. निम्मा झाला आणि मोजायची टेप सापडेना. चोर घरचाच. धाकटे भावजी तळ्याचे राखणदार. त्यांची टेप पाण्यात पडल्यापासून माझ्या शिवणाच्या डब्यावर त्यांचा डोळा होता. देवाचं नाव घेतलं आणि तळ्यावर गेले.

"वहिनी, टेप सरकारी कामात आहे!" लांबूनच ओरडले.

भावजींना सगळे 'फूटपट्टी' म्हणतात. बारीक मासळी सोडायची, थोराड मादीही सोडायची, मधल्या दोनच घरी न्यायच्या, हा तळ्याचा नियम. पूर्वी जो तो हाती लागेल ते नेई. शेवटी गळाला बोटभर पिल्लांशिवाय काही लागेना. स्वतःच्या लग्नातही भावजी पाहुण्यांना हेच समजावत बसले होते, नवरी ताटकळली.

काठावर ही गर्दी! मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, गळाला जन्मात लागली नव्हती एवढी मोठी मासळी लागलेली. भावजींनी माझी टेप लावली.

"बाबा, सोडा."

"अरे, बाप आहे मी तुझा!"

"आणि ही हजारोंची आई. पोट बघा, अंड्यांनी भरलंय. तुम्ही नेलीत तर उद्या मी कुणाला कोणत्या तोंडानं अडवू?"

सगळे टपूनच बसलेले. भावजींची अब्रू त्या शेपटीला लटकलेली. मामंजी मासळी टॉवेलात गुंडाळू लागले. "व्याह्यांना नुसती दाखवतो रे."

"टॉवेल नको! हात ओले करा आधी. अंगावरचा बुळबुळीत थर पुसला गेला तर सोडूनही मरेल."

"बापाला कधी एवढं जपलंस?"

"तुम्ही अंडी घालत नाही, बाबा."

मी मनातल्या मनात हात जोडले. मामंजींनी हात भिजवले, मासळी पाण्यात अलगद धरली. तिनं त्यांच्या तोंडावर सपकन पाणी उडवलं आणि गेली.

"सोडली! काकांनी सोडली!" गर्दी ओरडली. ही बातमी आमच्या आधी घरी पोचली, पण वाटेत मासळी गळाली.

शेजारच्या काकू दारातच उभ्या. "अभिनंदन हो! या वयात तंबाखू सोडणं म्हणजे खायचं काम नाही!"

मामंजींनी खरं सांगायला तोंड उघडलं. पण एवढं कौतुक जन्मात झालं नव्हतं, म्हणून मिटलं. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं तर मागूनही पुडी दिली नाही. "काका, मोह आवरा."

संध्याकाळपर्यंत तंबाखूवाचून मामंजींनी घर डोक्यावर घेतलं. टेप परत मिळाली, मासळीच्या वासासकट. भावजी आता सायकल काढून निघालेत, पार स्टेशनपलीकडच्या दुकानातून बापाची तंबाखू आणायला.