जिन्यातली राखण

काल चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी वाळ्याच्या अत्तराची कुपी उघडली आणि त्या वासाने मला कलकत्त्याला नेलं. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. गार्डन रीचच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आईचं हळदीकुंकू होतं. उकाड्याने कपाळावरचं कुंकू ओघळत होतं, आणि कुसुमकाकू मात्र मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून आल्या होत्या. त्यांचे यजमान, दिनकरराव, नेहमीसारखे सोडायला आले आणि जिन्यातच थांबले.

“किती जपतात हो बायकोला!” बायका म्हणाल्या.

आईने अत्तराची कुपी उचलली. तिला तो माणूस कधीच पटला नव्हता. बायकांच्या हळदीकुंकवाला राखण कसली, असं ती घरी म्हणायची.

अत्तर लावायला तिने काकूंचा हात धरला आणि बाही जराशी वर सारली. हातावर काळेनिळे वळ होते. काकूंची छोटी नंदा चटकन म्हणाली, “आई पडली.” तिला कोणी विचारलंच नव्हतं.

आई तशीच दारात गेली. “दिनकरराव, तुम्ही निघा. चैत्रात गौर महिनाभर माहेरी असते. या दोघीही इथेच राहतील.”

“वहिनी, थट्टा करताय?” ते हसले.

“नाही,” म्हणून आईने कडी लावली.

अक्षय तृतीयेनंतर काकू आणि नंदा गेल्या, त्या नागपूरला भावाकडे.

काल समोरच्या इमारतीतली नवी सून आली होती. नवरा खाली गाडीत थांबलाय, फार जपतो, असं कोणीतरी कौतुकाने म्हणालं. मी तिचा हात हातात घेतला आणि अत्तर लावण्याआधी तिची बाही हळूच वर सारली.