डावं चाक वर गेलं की

महाप्याच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये संघप्रियाचं गॅरेज आहे. वडील बाजीराव परभणीकडून आले आणि जासईच्या कंटेनर यार्डात ट्रेलर चालवू लागले. डिप्लोमा झाल्यावर पोरीने ऑफिसात बसावं, अशी त्यांची फार इच्छा. ती मात्र सर्व्हिस सेंटरमध्ये काही वर्षं राबली आणि स्वतःचं शटर उघडून मोकळी झाली. फोर-बाय-फोर गाड्यांत तिचा हातखंडा.

जासईच्या केतनची जीप तिच्याकडे आली ती अपघात होता होता वाचून. सुट्टीला बंद पडलेल्या खदानीत गाडी चढवायची, हा त्याचा शौक. एकदा ऐन चढावर इंजिनचा जोर गेला आणि जीप मागे घसरू लागली. शेजारी बायको नमिता. मुरुमाच्या ढिगाला गाडी टेकली म्हणून निभावलं.

"रस्त्यावर मख्खन चालते, ताई. खदानीतच रुसते, ती पण कधी कधी," केतन म्हणाला. "आमचे बाबा बोलतात, इकून टाक."

गाडीला जोडलेल्या स्कॅनरने एक्सलरेटरच्या सेन्सरकडे बोट दाखवलं. संघप्रियाने सेन्सर बदलला, ठाणे-बेलापूर रोडवर गाडी पळवून पाहिली आणि देऊन टाकली. पुढच्याच रविवारी फोन आला. "ताई, परत तेच."

तिच्या शब्दावर हा माणूस पुन्हा त्या चढावर गेला होता.

"आता मी बरोबर येते," ती म्हणाली. "सांगेन तिथेच थांबायचं."

केतन चालवत होता, मागे नमिताही बसली होती. खदानीत बराच वेळ काहीच झालं नाही. मग डावं चाक एका धोंड्यावर चढलं, गाडीला पीळ बसला आणि इंजिन धापा टाकू लागलं.

"थांब! हँडब्रेक खेच. इंजिन चालू ठेव."

चाकांना दगड लावून तिने बॉनेट उघडलं. सेन्सरकडे जाणाऱ्या वायरी ताणून एका लोखंडी पट्टीच्या कडेला टेकल्या होत्या. लाकडी काटकीने तिने त्या बाजूला सारल्या, इंजिन सुरळीत. सोडल्या, पुन्हा धाप. कडेवर घासून एका वायरचं आवरण सोललं होतं. सपाटीवर ती सैल राहायची, पीळ बसला की पट्टीला लागायची आणि सेन्सरचा संदेश बिघडायचा.

"सापडलं!" केतन ओरडला. गॅरेजात गाडी सरळ उभी असताना याच वायरींवरून संघप्रियाने हात फिरवला होता.

तिने नवी वायर टाकली, वर जाड नळी चढवली, पट्टीपासून लांबून वाट काढून दिली. मग स्वतः स्टिअरिंगवर बसून त्याच धोंड्यावरून, त्याच चढावर गाडी पुन्हा पुन्हा नेली. नमिता खाली उभी राहून बघत होती.

"आता पक्कं ना?" तिने विचारलं.

"ही वायर पक्की. बाकी गाडी जुनी हाय, वहिनी. दुसरं काही निघणार नाही, असं कसं म्हणू?"

नमिताला हे उत्तर पटलं असावं. ती जीपमध्ये बसली, पण चढाकडे नाही, घराकडे चल म्हणाली. केतनने गाडी वळवली.