पेद्रूबाबची बॅटरी

आरोंद्यात गाडीवाले पुष्कळ आहेत, पण गाडीला जपावं ते पेद्रू फर्नांडिसनेच. पावसात ती बाहेर काढायची नाही, कारण चिखल. उन्हात काढायची नाही, कारण रंग उडतो. थंडीत काढायला तशी हरकत नव्हती, पण तेव्हा खाडीवरून खारा वारा येतो आणि पत्रा गंजतो. मग उरला रविवार. रविवारी पेद्रू कोट घालून गाडीत बसे आणि इगर्जीपर्यंत, म्हणजे गावच्या चर्चपर्यंत, जाऊन येई. इगर्ज त्याच्या अंगणातून दिसते. चालत जाणारी माणसं त्याच्या आधी पोचत, कारण पेद्रू प्रत्येक खड्ड्याशी थांबून विचार करी.

त्याची बायको क्लारा शिरोड्याच्या बाजाराला एसटीने जायची आणि नारळाची पिशवी मांडीवर घेऊन एसटीनेच यायची. गाडीत मासळी चढवायची नाही असा नियम होता. भाजीही नाही. ओली छत्री तर नाहीच नाही.

पेद्रूची सगळी उमेदीची वर्षं मालवाहू जहाजावर गेली. होता तो आचारी, पुढे मुख्य आचारी. पण जहाजाचं स्वयंपाकघर इंजिनाच्या बरोबर डोक्यावर होतं आणि तेवढ्या शेजाराच्या जोरावर गावात तो इंजिनाचा जाणकार ठरला. कुणाचा पंप बंद पडला की लोक त्याला बोलावत. तो पंपाला कान लावी, डोळे मिटून "कॉम्प्रेशन गेला" म्हणे आणि चहा पिऊन घरी येई. पंप मग दुसरं कुणीतरी दुरुस्त करून जाई. जहाजावर तो डुकराच्या मटणाचं उत्तम सोरपोतेल करायचा, हे मात्र त्याने गावात कुणाला कळू दिलं नव्हतं.

मुलगी जॉयसी कॅनडात. तिला बाळ झालं तेव्हापासून नवराबायकोचा दरवर्षीचा रिवाज पडला होता. पावसाच्या तोंडावर जायचं, पाऊस सरला की परत यायचं. पहिल्या वर्षी पेद्रूने गाडीला जाड कापडाची खोळ घातली, चाकांपुढे दगड लावले, खोळीवर हात फिरवला आणि निघाला. निघताना क्लाराचा मोठा भाऊ तिला निरोप द्यायला आला होता, त्याच्याशी दोन शब्द बोलायला त्याला वेळ झाला नाही.

परत आला तेव्हा किल्ली फिरवली, तर गाडीने नुसतं "टिक" केलं.

सावंतवाडीहून सर्वेश आला. त्याचं बॅटऱ्यांचं दुकान. त्याने झाकण उघडून बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी खरवडली आणि म्हणाला, "पेद्रूबाब, ही मेली. गाडी बंद असली तरी ती पुरी बंद नसता. अलार्म, घड्याळ, लॉक, सगळा आतल्या आत चालूच रवता. बॅटरी हळूहळू रिकामी होता, आणि रिकामी होवन पडान रवली काय मरता. फुडल्या खेपेक जाताना ही काळी तार काढून ठेवा. एका पान्याचा काम."

"आणि अलार्म बंद पडलो तर? चोर इलो म्हणजे?"

"बॅटरी मेली तेव्हा अलार्म खंय चालू होतो?"

क्लाराला हसू आलं. पेद्रूने तिच्याकडे बघितलं आणि मग सर्वेशला जहाजावरच्या बॅटऱ्या कशा असतात ते सांगितलं. सर्वेशने ऐकून घेतलं. नवी बॅटरी विकणाऱ्याला ऐकून घ्यायला काय जातंय? जाताजाता त्याने आणखी दोन उपाय सांगितले. एक तर कुणाला तरी आठवड्यातून अर्धा-पाऊण तास गाडी रस्त्यावर फिरवायला सांगा, नाहीतर बॅटरी भरती ठेवणारा बारका चार्जर लावा. पेद्रूने मान हलवली. ती मान "ऐकलं" म्हणून हलली नव्हती, "मला शिकवतो" म्हणून हलली होती.

दुसऱ्या वर्षी त्याने शेजारच्या लवूला किल्ली दिली. "हप्त्यातून एकदा सुरू कर. पाच मिनटां. गाडी हलवची नाय. जाग्यावर रवान नुसती सुरू."

"जाग्यावर कित्या? जरा शिरोड्यापर्यंत..."

"हलवची नाय म्हटलंय मा?"

लवू शब्दाचा पक्का. त्याने दर आठवड्याला गाडी सुरू केली, पाच मिनिटं एसी लावून आत बसला, आरती ऐकली आणि बंद केली. इंजिन सुरू व्हायला बॅटरीने जे दिलं ते पाच मिनिटांत परत येईना, वर एसी आणि आरती. पेद्रू परत आला तेव्हा गाडीने "टिक"सुद्धा केलं नाही. लवूच्या हातून बॅटरी गेली असं पेद्रूने इगर्जीच्या पायरीवर, न्हाव्याच्या दुकानात आणि एसटीच्या थांब्यावर सांगितलं. लवूने बोलणं टाकलं. सर्वेशने आणखी एक बॅटरी विकली.

पण त्या खेपेला पेद्रू रिकाम्या हाताने आला नव्हता. कॅनडाहून त्याने चार्जर आणला होता. जॉयसीच्या शेजाऱ्याकडे तसलाच होता. तिकडे बर्फात गाड्या महिनोन् महिने उभ्या असतात आणि असल्या चार्जरवर ठणठणीत राहतात. पेद्रूने तो खोक्यासकट दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवला, सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, मूर्तीशेजारी. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. लावून बघावा असं कुणी म्हटलं की म्हणे, "टायम इलो काय लावतलंय. असल्या वस्तू खेळूच्या नसतत."

जायची वेळ आली तेव्हा क्लारा म्हणाली, "मी येणंय नाय."

"कित्या?"

"कॅनडा माझो बघून झालो. सिंकासमोर खिडकी आसा, खिडकीतसून दुसऱ्याची भिंत दिसता. दोन वर्सां भांडी घासता घासता तीच भिंत बघलंय. आता तू बघून ये."

पेद्रूला हे समजलं नाही, पण त्यात त्याला एक सोय दिसली. गाडीवर घरचं माणूस राहणार. किल्ली त्याने क्लाराच्या हातावर ठेवली, ती दार उघडून आतली धूळ झटकण्यापुरती. गाडी सुरू करायची नाही, हे तीन वेळा सांगितलं.

निघायच्या सकाळी, टॅक्सी फाटकाशी हॉर्न वाजवत असताना, त्याने चार्जर खोक्यातून काढला. पिन बसेना, म्हणून जोडपिन लावली. चिमटे बॅटरीला लावले आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. "बघ!" पेद्रू म्हणाला. टॅक्सी वळणापर्यंत पोचली न पोचली तोच मागे कुठेतरी "फट्" असं वाजलं. कुणाचा तरी टायर गेला असणार, असं पेद्रू ड्रायव्हरला म्हणाला.

कॅनडातून त्याचा दर रविवारी फोन यायचा.

"क्लारा, दिवो हिरवो आसा मगे?"

"अरे, तो चार्जर मा..."

"चार्जराक हात लाव नको! हात लावलंस काय सेटिंग जाता. माझा आयक. त्याच्यात कम्प्युटर आसा, तो बॅटरी किती भरूची ता आपणच ठरयता." असं बरंच. शेवटी, "गाडी बरी आसा मा?"

"गाडी बरी आसा."

पुढे पुढे क्लाराने चार्जरचं सांगायचा नाद सोडला. फोनवर तिच्याभोवती कधी बाजाराचा गलबला ऐकू येई, कधी समुद्राचा आवाज.

"खंय आसस गो?"

"शिरोड्याक. मासळी घेवक इलंय."

"कशी गेलंस?"

"गाडयेन."

आमच्याकडे एसटीलाही गाडीच म्हणतात. पेद्रू म्हणे, "बरा, बरा. खिडकीकडे बस." पुढल्या रविवारी ती वेंगुर्ल्याला, एकदा रेडीला गणपती बघायला, एकदा चक्क मालवणला बहिणीकडे. सगळीकडे गाडयेन. बाई माझ्यावाचून करमत नसल्याने एसटीने वणवण करते आहे, असं त्याच्या मनाने घेतलं. हे तो सिंकासमोर उभा राहून जॉयसीला सांगायचासुद्धा. भांडी आता त्याच्याकडे आली होती.

मोपाच्या विमानतळावर तो उतरला आणि टॅक्सी शोधत बाहेर आला, तर समोर त्याचीच गाडी. दारं चिखलाने शिंपडलेली. ड्रायव्हरच्या जागी फुलाफुलांच्या झग्यात क्लारा.

"बॅग मागे टाक," ती म्हणाली. "हय जास्त वेळ उभी करूक देणत नाय."

पेद्रूने आजूबाजूला बघितलं. ड्रायव्हर म्हणून कुणीतरी कुठेतरी लपलेला असणार, असं त्याला अजून वाटत होतं. मग तो डाव्या बाजूला बसला. ड्रायव्हरची सीट पुढे ओढलेली होती, पायाखाली वाळू होती आणि मागून बांगड्यांचा वास येत होता.

"चलवता कोण?"

"मी. दिसणा नाय तुका?"

किरणपाणीच्या पुलापर्यंत तिने सगळं सांगितलं. चार्जर त्याच सकाळी जळला. कॅनडातली वीज आपल्या अर्ध्या जोराची असते. तिकडची वस्तू इकडच्या विजेला लावली आणि ती फुटली. तिने सर्वेशला बोलावलं. त्याने काळी तार काढून दिली आणि म्हणाला, आता निवांत राहा. पण तार काढलेली गाडी बघून क्लाराला वाटलं, गाडी रस्त्यावर फिरवायचा उपायही आहेच की. शिरोड्यात गौरजा नावाची मुलगी गाडी चालवायला शिकवते. क्लारा तिच्याकडे जाऊ लागली. पहिल्या दिवशी गटारात गेली, दुसऱ्या दिवशी गेली नाही. परवाना हातात आला तसा तिने स्वतः पाना घेऊन तार जोडली.

"माका सांगलंस नाय?"

"सांगूक बसलंय तेव्हा तू कम्प्युटर सांगी होतस. आणि गाडयेन जातंय म्हणान दर खेपेक सांगलंय."

प्रत्येक वळणावर पेद्रूचा उजवा पाय पुढे जाऊन ब्रेक दाबत होता, जिथे ब्रेक नव्हता. क्लाराने तिसऱ्यातून चौथा गिअर इतका अलगद टाकला की त्याला तो कळलासुद्धा नाही, आणि ते त्याला फार लागलं.

घरी आल्यावर त्याने काय करावं? गाडी धुतली, सीट मागे केली आणि किल्ली मागून घेतली. पुढे वाड्यावरच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसापाशी, लादायन झाली. प्रार्थना संपल्यावर चणे वाटले जात होते तेव्हा पेद्रू लोकांना सांगत होता, "पाच महिने उभी गाडी. किल्ली मारलंय, घर्र करून सुरू! चार्जर कसो आसा मा..."

क्लारा बायकांत चणे खात होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही. पण लवू, ज्याने त्याच्याशी वर्षभर बोलणं टाकलं होतं, तो पुढे आला. "पेद्रूबाब, तो चार्जर माका चार दिवस दी मरे. माझ्या टेम्पोची बॅटरी जरा ढिली आसा."

क्लारा रोज त्याच्या दारावरून हॉर्न वाजवत गेली होती. लवूला ठाऊक होतं, वाड्याला ठाऊक होतं, चणे वाटणाऱ्यालाही ठाऊक होतं. सगळे थांबून बघत राहिले.

"तो... टेम्पोक चलणा नाय," पेद्रू म्हणाला. "इम्पोर्टेड आसा."

पुढल्या वर्षी त्याने कॅनडा रद्द केला. कारण सांगितलं गुडघ्याचं. खरं कारण खोळीखाली उभं होतं. किल्ली त्याने गळ्यातल्या क्रुसाच्या साखळीत ओवली. क्लाराने बाजारासाठी गाडी मागितली की म्हणे, "ह्या पावसात?" एक दिवस ती एसटीने गेली, मग रोजच एसटीने गेली. वाद घालत बसली नाही. पेद्रू पडवीत खुर्ची टाकून गाडीची राखण करत बसला. गाडी कुठे जात नव्हती, त्यामुळे राखण चोख झाली.

सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, तो कोट घालून निघाला. पाऊस लागला होता, पण फेस्ताला चालत जाणं शोभणार नव्हतं. क्लारा नवा झगा घालून शेजारी बसली. त्याने किल्ली फिरवली.

टिक.

पुन्हा फिरवली. टिक. घरचा मालक घरात, डोळ्यांसमोर गाडी, आणि बॅटरी मेलेली. क्लारा समोरच्या काचेवरचं पाणी बघत होती. ती काही बोलली असती तर पेद्रूला उत्तर देता आलं असतं.

शेवटी तिनेच खाली उतरून लवूला हाक मारली. लवूने टेम्पो आणून उभा केला, लाल आणि काळी तार जोडली आणि मान हलवली. गाडी सुरू झाली.

"बंद करू नकात," लवू म्हणाला. "अजून पुरी मराक नाय, पण हिका आता रस्त्यार पळवक होयी. तासभर तरी. नायतर परत तीच गजाल."

पेद्रूने बाहेरच्या पावसाकडे बघितलं. रस्त्यावर लाल पाणी वाहत होतं. एवढ्या वर्षांत त्याने गाडी ओल्या रस्त्यावर कधी घातली नव्हती. इगर्जीपुढचा उतार तर आत्तापासूनच त्याच्या पायात आला होता. त्याने स्टेअरिंग धरलं, सोडलं, चश्मा पुसला.

"सर थोडो," क्लारा म्हणाली.

तो उतरून, भिजत, डाव्या बाजूला गेला. तिने सीट पुढे ओढली आणि लवूला हात केला. इगर्जीच्या दारात तिने गाडी थांबवली, पण इंजिन चालूच ठेवलं.

"उतर तू. मी रेडीपर्यंत जावन येतंय."

"आणि मिसा?"

"सायबीण माका वळखता. उशीर झालो तरी आत घेयत."

पेद्रू छत्रीशिवाय पायऱ्या चढला. आत पाद्रीचं प्रवचन सुरू झालं होतं. मागच्या बाकावरच्या कुणीतरी विचारलं, "क्लारा खंय?"

पेद्रूच्या तोंडावर तीन-चार उत्तरं आली, त्यातली निम्मी कॅनडाची होती. ओल्या कोटातून पाणी गळत होतं. "बॅटरी भरूक गेली," तो म्हणाला, आणि बाक थोडा हलला, इतके लोक एकदम हसले.

क्लारा आली तेव्हा मिसाची प्रार्थना संपत आली होती. केस ओले, गाल लाल, आणि किल्ली तिने आपल्या पर्समध्ये टाकलेली. पेद्रूने ती परत मागितली नाही. बॅटरी वाचली. पुढल्या मे महिन्यात क्लाराने त्याला मोपाला सोडलं. त्याने खिडकीतून वाकून काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण मागच्या टॅक्सीने हॉर्न वाजवला, आणि ती निघून गेली.