हारांचं पाणी

जीपच्या समोरच्या काचेची चौकट गंजली आहे, हे चौदा एप्रिलची जयंती तोंडावर आल्यावर कळलं. रबराखालून तपकिरी पाणी गळत होतं. आजोबांनी लिलावात घेतलेली ही जुनी जीप आमच्या मोताळ्याच्या मिरवणुकीत कायम पुढे असते आणि तसबीर त्या चौकटीलाच बांधतात. काचेशिवाय गाडी चालली असती. पण चौकट नसेल तर तसबीर कुठे बांधायची?

"माय, तू कालेजात जातं. पाह्य बरं, चौकट वाचते का हे," बाबा मला म्हणाले.

मी इतिहास शिकते. पण कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच, म्हणून मला सगळं येत असेल असं बाबांना वाटतं. येत नाही म्हणायचा धीर झाला नाही. रबर आणि काच काढून मी पॉलिश पेपरने घासायला बसले. रंगाचे पापुद्रे निघाले, त्याखाली पुट्टी, पुट्टीखाली गंजाचा भुगा. कुठेतरी चांगलं लोखंड लागेल म्हणून घासत राहिले. शेवटी बोटच आरपार गेलं.

चौकट सोडवून आम्ही वेल्डिंगवाल्याकडे नेली. तो बाबांचा वर्गमित्र. त्याने टाका मारला, तर भोक मोठं झालं. शेजारी मारला, तिथेही पत्रा जळून गेला.

"टाका कायले मारू बे, हवेले?" तो हसला.

बाबा हसले नाहीत. "वरची बाजू त चांगली हाये. खालचीच काऊन सडली?"

"पाणी मुरलं. पावसात उभी ठेवतं का?"

"पावसात त बाहेरच नाही काढत."

एवढं बोलून बाबांनी खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं. मलाही तेव्हाच उमगलं. मोताळ्याची झाली की धामणगावची, मग खेड्यापाड्यांची. उन्हाळाभर जयंत्या चालतात. हार उन्हात कोमेजू नयेत म्हणून आधी आजोबा आणि नंतर बाबा तांब्यातून पाणी शिंपडत आले. ओले हार त्या खालच्या पट्टीवरच टेकलेले असायचे.

"दुसरी चौकट भेटली त सांगजो," बाबा म्हणाले.

"आता कुठी भेटते? हे गाडीच कोणाजवळ राह्यली नाही."

संध्याकाळी मंडळाची पोरं आली. "काका, पिकअप सांगतली हाये. यंदा तुमच्या गाडीले आराम."

बाबा नुसतं "हाव" म्हणाले.

जयंतीच्या दिवशी बाबा पांढरे कपडे घालून, भरलेला तांब्या घेऊन निघाले. मी थांबवायला हवं होतं का, अजून कळत नाही. गर्दीतून वाट काढत ते पिकअपजवळ पोचले आणि त्यांनी शिंपडायला तळहातावर पाणी घेतलं.

"काका, राहू द्या," वरून एक पोरगा ओरडला. "प्लास्टिकचे हायेत फुलं."

बाबांनी तळहातावरचं पाणी परत तांब्यात सोडलं. मिरवणूक पुढे गेली. मी तांब्या मागितला, तर दिला नाही. घरापर्यंत ते तो भरलेला तांब्या सांडू न देता चालत आले.